थंय काडतुसाची गावत नाय काय?

ऑगस्टमधला एक रविवार. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ, धाकट्या काकांशी व्हिडिओ कॉल चालू होता. काका पडवीत बसलेले, मागे पागोळ्या गळतायत आणि त्या आवाजात अर्धं बोलणं वाहून जातंय. भात लावून झालं, गुडघे दुखतायत, अमक्याच्या मुलीचं जमलं, असं नेहमीचं सगळं झाल्यावर मी सहज म्हणून सांगून टाकलं की यंदा हरणाच्या शिकारीचं लायसन्स काढलंय आणि त्यासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक बघतोय. काका गप्प. मला वाटलं नेट गेलं. मग त्यांनी फोन तोंडाच्या इतका जवळ घेतला की स्क्रीनवर नुसती मिशी दिसायला लागली आणि त्या मिशीतून आवाज आला, "कित्याक? थंय काडतुसाची गावत नाय काय?"

घरात सगळे हसले, मीपण हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण काकांचं बरोबरच होतं ना. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला ठासणीची बंदूक कोणी हौसेने घेत नाही. ती वडिलोपार्जित येते, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते, आणि ज्याच्याकडे असते तो मनातून काडतुसाचीच स्वप्नं बघत असतो. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर अख्खं शेत नांगरून पलीकडच्या व्हाळात उतरलेलं असतं. आणि मी अशा देशात राहून, जिथे मासेमारीचे गळ विकणाऱ्या दुकानात शेजारच्या काउंटरवर रायफली मिळतात, तिथे डॉलर मोजून ठासणीची घेणार. काकांना कसं सांगायचं की का घेणार? मलाच नीट माहीत नव्हतं.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहॅना नदीच्या जवळपास. इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पळताना शेपटी वर करतं आणि खालचा पांढरा भाग चमकतो ते. बघायला जंगलात जायची गरज नाही, तीच आमच्या मागच्या अंगणात येतात, ट्युलिप खातात, बायकोने हौसेने चढवलेला वालपापडीचा वेल एका रात्रीत साफ करून जातात आणि रात्री हायवेवर गाडीच्या दिव्यांत येऊन दगडासारखी उभी राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच राज्यात हरणं जवळजवळ संपली होती हे आता सांगूनही खरं वाटत नाही. १८९५ मध्ये गेम कमिशन, म्हणजे शिकारीवर देखरेख करणारं राज्याचं खातं झालं, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडायला लागले, माद्या मारायला बंदी घातली, आणि मग ती इतकी वाढली की पुढे माद्याही मारा म्हणून परवाने द्यायची वेळ आली. हे सगळं मी आमच्या मंडळातल्या मित्रांना समजावून बघितलं. "हरीण? अरे किती गोड असतात रे ती!" असं म्हणणारा मित्र त्या वेळी मटणाच्या नळीतला मगज ओढत होता, त्यामुळे तो वाद मी तिथेच सोडला.

मला या भानगडीत ओढलं ते शेजारच्या म्हातारबुवांनी. आम्ही घरात त्यांना आबा म्हणतो, त्यांना हे माहीत नाही. आबा रायफलच्या सीझनला जातच नाहीत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तो सीझन उघडतो, २०१९ च्या आधी सोमवारी उघडायचा, आणि त्या सोमवारी इकडच्या कितीतरी शाळा अजूनही बंद असतात यावरून काय ते ओळखा. डोंगराच्या प्रत्येक उतारावर केशरी जॅकेटं. आबा म्हणतात ती शिकार नाही, ती जत्रा. त्यांचा सीझन त्यानंतरचा, ख्रिसमस उरकला की सुरू होणारा आणि जानेवारीत बर्फात संपणारा. त्यात बंदूक फक्त ठासणीची, आणि तीही गारगोटीवर उडणारी, फ्लिंटलॉक. १९७४ पासून हा नियम आहे. बारा-पंधरा वर्षं व्हिसाच्या चक्करमध्ये काढलेल्या माणसाला बंदूक हा विषयसुद्धा नको वाटत असतो, पण ग्रीन कार्ड आलं, आबांनी हिवाळ्यात त्यांच्या हरणाची घरी केलेली सॉसेजेस आणून दिली, आणि एक दिवस मी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनच्या कोर्सला जाऊन बसलो, सगळ्यात मागच्या बाकावर, आजूबाजूला सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि त्यांचे बाप.

आता माझ्या आजोबांच्या बंदुकीबद्दल. ती माजघरात वर, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर दोन खुंट्यांवर आडवी असायची, खोबरेल तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, त्यामुळे तिच्या आसपास कायम जरा खवट वास. बार भरणं हा आमच्यासाठी कार्यक्रम असायचा. आजोबा खळ्यात उकिडवे बसायचे, बंदुकीचा दस्ता जमिनीवर, नळी तोंडापासून लांब कलती. आधी दारू मापाने, मग नारळाचा काथ्या हाताने चुरगळून त्याची गोळी, ती गजाने ठासायची, मग छर्रे, मग परत काथ्या, परत ठासायचं. गज आत असतानाच नळीच्या तोंडाशी बोटं आडवी लावून बघायचे, गज किती वर राहिलाय ते. चार बोटं राहिला तर मान हलवायचे. जास्त राहिला तर पुन्हा ठासायचे आणि आम्हाला लांब जायला सांगायचे. केप, म्हणजे घोडा आपटला की पेटणारी छोटी टोपी, मात्र तेव्हा लावायचे नाहीत, ती खिशात, शेताच्या मांगरावर पोचल्यावरच निपलवर, घोड्याखालच्या छोट्या नळकांडीवर, चढायची. ती बंदूक मुख्यतः आभाळात उडाली. भाताची कणसं भरली की डुकरं, उन्हाळ्यात आंबा-काजूवर माकडं, त्यांना पळवायला. पारधीच्या गोष्टी ते सांगायचे, शिमग्यातला हाकारा, भेकराचे वाटे कसे पडायचे, बार काढणाऱ्याला कुठला वाटा, सगळं. त्या सगळ्या गोष्टी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीच्या, असं ते सांगायचे आणि आम्हीही तसंच धरून चालायचो.

तर डोक्यात ही बंदूक घेऊन मी इथल्या दुकानात गेलो.

दुकानात 'मझललोडर', म्हणजे ठासणीची, अशी पाटी असलेली भिंत आहे आणि त्या भिंतीवरची एकही बंदूक मला ठासणीची वाटली नाही. काळं नाहीतर पानापानांचं प्लॅस्टिक, वर दुर्बीण, मधून मोडणारी नळी. यांना इनलाइन म्हणतात, कारण पेटवणारी टोपी बाजूला नसून नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत बसते, आणि ती टोपी म्हणजे शॉटगनच्या काडतुसात असते तीच २०९ नंबरची. दारूसुद्धा मोकळी भुकटी नको असेल तर गोळ्यांच्या रूपात मिळते, दोन किंवा तीन टाकायच्या आणि वरून प्लॅस्टिकच्या टोपणातली गोळी सरकवायची. हा प्रकार चालू झाला तो १९८५ मध्ये मिसुरीतल्या टोनी नाइट नावाच्या माणसाने केलेल्या एमके-८५ पासून. काउंटरवरचा पोरगा फार प्रेमाने समजावत होता. पाऊस असो, बर्फ असो, ही पेटते. मागचा ब्रीच प्लग हाताने निघतो म्हणून आरपार साफ करता येते. दुर्बीण लावली तर दीडशे यार्डांवरसुद्धा मार. पहिली बंदूक म्हणून यापेक्षा सोपं काही नाही, आणि स्वस्तातली तर तीनशे डॉलरच्या आत. त्याचं सगळं खरं होतं. मी ती खांद्याला लावून बघितली, हलकी, आटोपशीर, आणि माझ्या मनात काहीच झालं नाही. बायको म्हणाली, मग घे ना हीच, अजून काय पाहिजे? ऑक्टोबरात माद्यांसाठी आठवडाभराचा मझललोडर सीझन असतो, त्यात ही चालतेही. व्यवहाराने बघितलं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण माझं मत विचाराल तर ती पुढून भरायची सक्ती केलेली आजकालची रायफल आहे. ठासणीचा सीझन केला कशाला, तर जवळ जावं लागेल, एकच बार मिळेल म्हणून, आणि मग चाळीस वर्षं डोकं कशात घातलं, तर ते जवळ जाणं कसं टाळता येईल यात.

त्याच भिंतीच्या टोकाला, खाली, एक लाकडी दस्त्याची होती. बाजूला घोडा, निपल, त्यावर केप. पितळेची पट्टी. हात लावला आणि कळलं, हीच. आजोबांचीच, फक्त हिच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे चर आहेत आणि त्यांची आतून गुळगुळीत होती. याला इकडे पर्कशन म्हणतात. मी जवळजवळ कार्ड काढलं होतं. सोबत आबा होते म्हणून बरं. ते म्हणाले, ही ऑक्टोबरात चालेल, डिसेंबरात नाही चालायची. का? कारण केप. डिसेंबरच्या सीझनला केपवालीसुद्धा फार मॉडर्न आहे, गारगोटीचीच पाहिजे. म्हणजे बघा, जी बंदूक आमच्या गावात मागासलेली म्हणून लोक नाक मुरडतात, ती इथे पुढारलेली म्हणून बाद. आजोबांच्याही मागे, त्यांच्या आजोबांच्या काळात जायचं तर जा, नाहीतर घरी बसा. मी दुकानात एकटाच हसलो आणि त्या पोराला वाटलं त्याच्या किमतीला हसतोय.

गारगोटीच्या बंदुकीचं यंत्र मी आबांच्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदा नीट बघितलं. घोड्याच्या तोंडात दोन जबडे असतात, त्यात चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली गारगोटी स्क्रूने आवळून धरलेली. समोर पोलादाची उभी पट्टी, फ्रिझन, आणि ती पट्टीच खालच्या छोट्या वाटीचं झाकण. वाटीत चिमूटभर बारीक दारू. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादाला खरवडत खाली येते, झाकण उघडतं, ठिणग्या वाटीत, वाटीतली ज्वाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत, आणि मग मोठा बार. आबांनी अंधार करून नुसता घोडा पाडून दाखवला. ठिणग्या लाल नव्हत्या, पिवळसर-पांढऱ्या, आणि वाटीत पडल्यावर किंचित उसळल्या. ते म्हणाले अशा पाहिजेत, लाल आणि आळशी असतील तर गारगोटीची धार गेली किंवा फ्रिझन मऊ आहे. वाटीतली दारू छिद्राच्या तोंडाशी दाबून भरायची नाही, बाहेरच्या कडेला ठेवायची, कारण छिद्र बुजलं तर ती वातीसारखी जळत जाते आणि उशीर होतो. ज्वाळेने उडी मारायला जागा ठेवायची. हे ऐकताना मला मागच्या बाकावरच्या कोर्सपेक्षा जास्त कळत होतं.

रेंजवर पहिला बार आबांच्याच बंदुकीचा. त्यांची लांब नळीची, लँकेस्टरच्या धाटणीची. इथून तासाभरावरच्या त्या भागात अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी ही बारीक लांब रायफल घडवली, आणि नाव मात्र केंटकीचं झालं, यावर आबांचा कायमचा राग आहे. पन्नास कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या भोकाची नळी, सत्तर ग्रेन दारू, पितळेच्या मापातून, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही, आत एखादी ठिणगी जिवंत असली तर अख्खं शिंग हातात फुटेल. मग तेलकट कापडाचा गोल तुकडा, जाड सुती, आपल्या मांजरपाटाच्या जातीचा, त्यावर शिशाची गोळी, आखूड दांड्याने आत ढकलायची आणि मग गज. गोळी आणि दारूच्या मध्ये फट राहता कामा नये, राहिली तर नळी फाटू शकते. गज तळाला टेकला तेव्हा आबांनी नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख लावून दाखवलं. गजावर दोन खुणा कोरलेल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कळलं ना म्हणून. मी नकळत चार बोटं आडवी लावून बघत होतो.

नेम धरला, चाप ओढला. डोळ्यांसमोर भस्सकन उजेड, आणि मग एक क्षण काहीच नाही. तो क्षण कोणी कितीही सांगितला तरी कळत नाही. सगळं अंग म्हणतं झालं, मान फिरव, आणि त्याच वेळी नळी हललेली असते आणि मग बार होतो. खांद्याला धक्का नाही, ढकलल्यासारखं. समोर पांढरा धूर, निशाण दिसेना, कुठे लागलं कळेना, आणि वास, जळालेल्या गंधकाचा, नरकचतुर्दशीच्या पहाटेचा. धूर सरला तेव्हा कागद कोरा होता. एकदा नुसतीच वाटी पेटली आणि बार फुसका गेला, तेव्हा आबांनी माझा खांदा दाबून धरला आणि बंदूक निशाणाकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबायला लावलं, उशिरा पेटू शकते म्हणून. ते मिनिट फार मोठं होतं.

पण माझा खरा घोळ वेगळा होता. मी डावरा. आजोबांनी जेवणाचा हात मारून-मुटकून उजवा केला, बाकी सगळं डावंच राहिलं. उजव्या हाताच्या फ्लिंटलॉकमध्ये वाटी उजव्या बाजूला असते, म्हणजे डाव्या खांद्यावर घेतली की ती ज्वाळ बरोबर माझ्या नाकासमोर. चष्मा होता म्हणून निभावलं, पण प्रत्येक वेळी डोळा मिटायचाच. त्यामुळे माझी निवड एकदम आखडली. डाव्या हाताची कुलपं, म्हणजे घोड्याचं नि वाटीचं ते यंत्र, करणारे थोडे, त्यातही डाव्या हाताची आणि गारगोटीची म्हणजे आणखी थोडे. सगळ्यात स्वस्त, आखूड नळीची, काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची मिळते ती झाडीत फिरवायला सोपी, पण ठिणगी रुसवी अशी तिची ख्याती, आणि आबांचं म्हणणं की गारगोटीच्या बंदुकीत पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा, कुलपात नाही. दुसऱ्या टोकाला इटलीत घडवलेल्या, अक्रोडाच्या, हजार डॉलरच्या पुढे. मग आट्यांचा प्रश्न. नळीच्या आतले आटे किती इंचांत एक फेरा घेतात यावर कुठली गोळी चालेल ते ठरतं. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश फेरा लागतो, सहासष्ट इंचांत एक वगैरे. लांबट गोळीला झटपट, अठ्ठावीस इंचांत एक, इनलाइनमध्ये बहुतेक तोच असतो. आणि अठ्ठेचाळीस इंचांचा मधला, दोन्ही बऱ्यापैकी, एकही उत्तम नाही, नव्या माणसाच्या गळ्यात बहुतेक तोच पडतो. कॅलिबरचा प्रश्न त्यामानाने सोपा, राज्याची किमान अट चव्वेचाळीसची, आणि पन्नासच्या गोळ्या कुठेही मिळतात. मी आठवडेच्या आठवडे रात्री जेवणं झाल्यावर हे वाचत बसायचो आणि बायको म्हणायची, फ्रिज घेताना एवढा विचार केला असतास तर.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी ज्या रात्री ऑर्डर देणार होतो त्या रात्री लक्षात आली. पत्ता टाकला, घरचा, आणि पुढे काही नाही. ना फॉर्म, ना चौकशी. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या हिशोबात पुढून भरायची, काळ्या दारूची, काडतूस न लागणारी बंदूक ही फायरआर्मच नाही, नवी कोरी असली तरी ती अँटिकच्या खात्यात जाते. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, पण आमच्याकडे ती सरळ कुरिअरने दारात येते. मला आजोबांचं परवान्याचं पुस्तक आठवलं, फोटो चिकटवलेलं, शिक्क्यांवर शिक्के, दर नूतनीकरणाला कुडाळची फेरी, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. त्या पावतीची घडी रेशनकार्डाच्या डब्यात असायची, निवडणूक ऐन भाताच्या दिवसांत आली तर आजोबा डबा उघडून ती पावती नुसती बघायचे. तेव्हा मला त्यांची कीव यायची. त्या रात्री, 'प्लेस ऑर्डर' वर बोट ठेवून, मला तसं काही वाटलं नाही. उलट कोणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं.

विचारलं मुलीने.

ती चौथीत आहे. तिच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल असतं, कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं त्याची तालीम, वर्गाचे दिवे बंद करतात, दाराला आतून कडी, आणि सगळी पोरं एका कोपऱ्यात भिंतीला टेकून आवाज न करता बसतात. हे तिने पहिलीत असताना घरी येऊन इतक्या सहज सांगितलं होतं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. तिने विचारलं, बाबा, ती खरी बंदूक आहे का? आता कायदा काय म्हणतो ते मी तिला सांगू शकलो असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची आहे, एकच बार निघतो, भरायला मिनिट लागतं, हेही. मी म्हटलं, खरी आहे. ती म्हणाली, कुठे राहणार? मी म्हटलं, बेसमेंटमध्ये लोखंडी कपाटात, कुलूप लावून, आणि दारू वेगळी, गराजमधल्या पेटीत. चावी कोणाकडे? मी बायकोकडे बघितलं. "आईकडे," ती स्वतःच म्हणाली आणि पुढचा पराठा वाढायला सांगितला. तेच ठरलं. पण म्हणून मला एकदम हलकं वाटलं असं नाही. या देशात जे चाललंय ते चाललेलं असताना घरात बंदूक आणणं, कुठलीही, यात मला अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं आणि ते तसंच असू दे.

दुसरी एक शंका आहे, ती मी आबांनाही बोलून दाखवली. अवघड हत्यार घेतलं की शिकार जास्त सच्ची होते, असा एक सूर या लोकांच्या बोलण्यात असतो आणि मला तो पूर्ण पटत नाही. हरणाला काय त्याचं? त्याच्या बाजूने बघितलं तर दुर्बिणीची इनलाइन बरी, नीट लागली तर जागच्या जागी. माझी गारगोटी ओलावली, उशिरा पेटली, मी डोळा मिटला आणि गोळी पोटात बसली, तर ते बर्फातून कुठवर जाईल? माझ्या हौसेची किंमत त्याने का द्यायची? आबांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, तुझी बंदूक किती लांब मारते ते विचारू नकोस, तू किती लांब मारतोस ते विचार. त्यांनी एक कागदी थाळी पन्नास यार्डांवर लावली आणि सांगितलं, प्रत्येक गोळी या थाळीत बसेपर्यंत लायसन्स खिशातच ठेव, आणि थाळीच्या पलीकडचं हरीण हे फक्त बघायचं हरीण. तेव्हापासून शनिवारी सकाळी मी आणि ती थाळी. डोळा मिटणं कमी झालंय. गेलं नाही.

शेवटी घेतली ती लाकडी दस्त्याची, डाव्या हाताची, पन्नास कॅलिबर, सावकाश आट्यांची, म्हणजे गोल गोळीशिवाय दुसरं काही चालणार नाही अशी. मधल्या अठ्ठेचाळीसचा शहाणपणा केला नाही. कुलूप चांगलं आहे, ठिणग्या पिवळ्या पडतात, उजेडातसुद्धा दिसतात. वजन भरपूर. दस्त्यावर खोबरेल लावायचा मोह झाला होता, आबांनी जवसाचं तेल दिलं.

दारूचं मात्र अजून अडलंय. इनलाइनसाठी ज्या पर्यायी भुकट्या सर्रास मिळतात त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, वाटीतल्या ज्वाळेला त्या दाद देत नाहीत. गारगोटीला अस्सल काळी दारूच हवी, सोरा, कोळसा, गंधक, पंचाहत्तर-पंधरा-दहा, आणि ती ठेवणारी दुकानं थोडी. एकेकाळी जगातला मोठा सोरा आपल्या बिहारमधून जहाजांनी युरोपात जायचा. इथून दक्षिणेला ब्रँडीवाइन नदीकाठी १८०२ मध्ये ड्यू पाँ नावाच्या उद्योजकाने बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, त्याच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, तीन बाजू जाड आणि नदीकडची हलकी, स्फोट झाला तर तो नदीकडे जावा म्हणून. मागे एकदा पोरीला घेऊन बघून आलोय. एवढा इतिहास उशाशी असून मला एक पौंडाचा डबा मिळेना. आबा स्वतःच्या डब्यातून देतायत पण किती दिवस घेणार.

आणि साफसफाई. काळी दारू उडवली की त्याच दिवशी नळी धुवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी आत गंज. कोमट पाणी, साबण, गजाला चिंधी, वर-खाली, आणि नळीतून जे काळं पाणी येतं त्याला कुजक्या अंड्याचा वास. पहिल्या वेळी मी ते किचनच्या सिंकमध्ये केलं. त्यानंतर घरात एक नियम झाला आणि मी बाहेर वापरायची वेगळी बादली आणली, झाकणासकट. या शनिवारी नदीपलीकडच्या एका दुकानात डबा आलाय असं फोनवर सांगितलंय, आधी तिकडे जाईन, मग रेंजवर. काकांनी व्हॉट्सॲपवर विचारलंय, काथ्या पाठवू काय, सोडणां हयसर ढिगान पडली हत.